पट्टी कुठे असावी

“आता तुम्हीच बघा मालक, ही काय पद्धत झाली?” सकाळवालीने मॉनिटर गर्रकन छापखान्याच्या मालकाकडे वळवला.

मालकाने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. तिने काल स्क्रीनच्या डाव्या कडेला उभी केलेली टास्कबारची पट्टी आज खाली आडवी पडली होती. मटाराएवढे आयकॉन लिंबाएवढे झाले होते. अक्षरजुळणीचा आयकॉन शेपटाला गेला होता, आणि सगळ्यांच्या आधी, अगदी मानाच्या जागी, गाण्यांचा.

“मी कामाच्या क्रमाने लावते. आधी स्कॅन, मग जुळणी, मग चित्रं, शेवटी छपाई. हात आपोआप जातो. आणि हे महाशय रोज सगळं उधळून ठेवतात!”

“अहो बाई, ओढून परत डावीकडे न्या. अर्ध्या मिनिटाचं काम.”

“अर्ध्या मिनिटाचा प्रश्न नाही. तत्त्वाचा आहे.”

तत्त्व म्हटलं की मालक हात टेकायचा. देवाने दोन डोळे दिलेत ते सगळी स्क्रीन बघायला. पट्टी खाली काय नि डावीकडे काय! पण हे बोलायची सोय नव्हती. नऊशे पानांचा वैद्यकीय शब्दकोश महिनाअखेर छापून द्यायचा होता, आणि ती किचकट जुळणी जमणारी माणसं गावात दोनच. एक ही सकाळवाली, दुसरा तो दुपारवाला. दोघांपैकी एक जरी गेला तरी शब्दकोश गेला, आणि त्याच्यामागून छापखाना.

छापखान्याचे नियम मालकाच्या वडिलांपासूनचे. यंत्र थंड पडू द्यायचं नाही, म्हणून संगणक एक आणि पाळ्या दोन. यंत्राजवळ खायचं नाही. एका घरातली दोन माणसं ठेवायची नाहीत. घरची भांडणं दुकानात नकोत. आणि इथे बघा, परक्यांनीच उभा दावा मांडलेला!

दोनच्या ठोक्याला दुपारवाला आला. ती उठली, तो बसला. नजरेला नजर नाही, शब्दाला शब्द नाही. मॉनिटरवर तिची चिठ्ठी होती : ‘पट्टी डावीकडे असते. डावा हात कुठला ते घरी विचारून यावं.’

त्याने शांतपणे खाली लिहिलं : ‘पट्टी खाली असते. जमीनही खालीच असते. पाय टेकले की कळेल.’

“अहो, निदान ती चिठ्ठी तरी फाडा,” मालक काकुळतीला आला.

“पुरावा आहे तो, मालक.”

मालकाने संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने दोघांना वेगवेगळी खाती करून दिली. ज्याची पट्टी त्याच्यापाशी! मालकाने देवापुढे हात जोडले. चौथ्या दिवशी ‘हृदय’पासूनची साठ पानं तिच्या खात्यात अडकली आणि ‘फुप्फुस’ त्याच्या खात्यात. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. खाती पुन्हा एक झाली.

त्या आठवड्यात पट्टी वर गेली, उजवीकडे गेली, एकदा तर दडूनच बसली. मालकाला स्वप्नात आयकॉन दिसायला लागले. आणि सोमवारी, दोनच्या ठोक्याला, त्याच्या टेबलावर दोन राजीनामे येऊन पडले.

“एक तर हे, नाही तर मी,” ती म्हणाली.

“माझंही तेच म्हणणं आहे,” तो म्हणाला.

“वा! यावर तरी एकमत झालं तुमचं!” मालक कडाडला, आणि राजीनामे खिशात कोंबून घरी निघून गेला.

“अहो, वडिलांच्या नियमाला किती दिवस कुरवाळणार?” बायको ताट वाढता वाढता म्हणाली. “दोन यंत्रं घ्या आणि एकाच वेळी बसवा दोघांना. समोर माणूस असलं की माणूस जरा बरं वागतं.”

“डोकी फुटतील.”

“फुटू देत. तुमचं तर वाचेल.”

मालकाने जुनं यंत्र मोडीत काढलं, दोन नवे कोरे संगणक आणले. दोघांची वेळ एकच : सकाळी आठ ते दुपारी चार.

“यांच्या शेजारी?” दुपारवाल्याने कडू काढा प्यायल्यासारखं तोंड केलं.

“शब्दकोशासाठी बसते मी,” ती म्हणाली. “नाही तर तोंड पाहिलं नसतं.”

“बसा हो, माझे आई!” मालकाने खरोखरच हात जोडले. “आता पट्टी छताला टांगा, मी विचारणार नाही.”

दिवसभर फक्त कळफलकांचा आवाज. चार वाजता बेचाळीस पानं झाली होती. एरवी दोन पाळ्यांत तीसही होत नसत. आधी ती निघाली, दारातून डावीकडे वळली. मागून तो निघाला, उजवीकडे वळला. एकमेकांना निरोपसुद्धा नाही.

एवढा जीव काढला त्या पट्ट्या आता कशा लावल्यात, हे बघायला मालक दोन्ही संगणकांपुढे वाकला. आणि बघतच राहिला. दोन्ही पट्ट्या दुकानातून आल्या तशाच होत्या. विकणाऱ्याने भरलेले जाहिरातींचे आयकॉनसुद्धा कोणी हलवले नव्हते.

“कमाल आहे बुवा,” तो पुटपुटला, आणि कागदाच्या कातरणांची टोपली रिकामी करायला मागच्या खिडकीशी गेला.

मागच्या गल्लीत शाळेची बस थांबली होती. सहा-सात वर्षांची एक मुलगी दप्तर सावरत उतरली. गल्लीच्या डाव्या टोकाकडून सकाळवाली येत होती, उजव्या टोकाकडून दुपारवाला. मुलीने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि दप्तर तिथेच टाकून ती ओरडली, “आई, बघ! आज बाबासुद्धा आलेत!”