सारवण

धुळ्याला लेकाच्या गुळगुळीत फरशीवर वर्षभर वावरून मंजुळाबाईंच्या टाचा पुन्हा चिरल्या होत्या. साठी ओलांडल्यापासून हे दरसालचेच झाले होते. मलमे हरत, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जाऊन स्वतःच्या हाताने घर सारवले की भेगा आपोआप मिटत.

"मना पाय घरमाच बरा व्हतस," त्या सुनेला, हेमांगीला, बजावत.

यंदा मात्र शिरपूरजवळच्या त्या मातीच्या घराचे दार उघडताच, चिघळल्या जखमेवरची पट्टी सोडावी तसा दर्प आला. ज्या घरासाठी वर्षभर जीव झुरला, त्याच्याच उंबऱ्यावर मंजुळाबाई थुंकल्या. मग नाकाला पदर बांधून, तोंड फिरवून त्यांनी जमिनीवर शेणकाला कसाबसा फासला.

"आई, टाचांतून अजून पाणी येतंय," सोबत आलेली हेमांगी म्हणाली. "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. पाय गमावून बसाल."

"सारवण सुकू दे, बाई."

सारवण सुकेना. भर उन्हाळ्याच्या दुपारीही जमीन ओलीच राहिली. मग ती जागोजागी उकलली, आणि फटींतून पिवळसर, चिकट पाणी पाझरू लागले. त्याला मंजुळाबाईंच्या टाचांचाच वास होता.

तरी किळस गिळून त्या खाली वाकल्या आणि आजारी लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा उघडा हात त्यांनी जमिनीवरून फिरवला.

जमीन शहारली. आणि त्यांच्या तळव्याखालून तिने हळूच अंग चोरून घेतले.