लँगफर्ड पाद्रीची पेटी

फाटक वाजलं तशी आयोनीनं सुरी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली आणि पुन्हा आलं सोलायला लागली. साठी उलटली तरी सवय सुटली नव्हती. चारचौघांत डावा हात चालला की आजी, मिस क्लॅरिंडा, बोटांवर छडी हाणायची. आयोनीच्या आईलाही तिनं असंच वळण लावलं होतं; आजी स्वतः मात्र उजव्या हाताचीच.

आला होता चर्चचा राखणदार सिल्बर्ट. लँगफर्ड पाद्रीची इंग्लंडमधली नात आजोबांचं चर्च बघायला आली होती, किंग्स्टनहून मोटारीनं.

"अगं, पेटी देऊन टाक एकदाची," तो म्हणाला. "अजून तुझ्या दारात आलं की माणूस आधी खिसा चाचपतो."

आयोनीनं सुरी खाली ठेवली. आजी पाद्रीच्या घरी धुणं आणि इस्त्री करायची. पाद्री मायदेशी परतला आणि त्याची लिहिण्याची पेटी आजीच्या खाटेखाली सापडली. भर चर्चमध्ये विचारलं तेव्हा तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "चोरली," म्हणाली. परत मात्र दिली नाही. ज्याची आहे त्यानं येऊन न्यावी, एवढंच तिचं म्हणणं. तो काही आला नाही, आणि आजी मरेपर्यंत शेवटच्या बाकावर बसली. आयोनी वर्गात शिरली की पोरं पेन्सिली लपवायची. त्या लाजेनं तिची मान कायमची खाली गेली.

तिनं पेटी पुसली. तिरपं झाकण, आत हिरवं कापड, कोपऱ्यात दौत. लहानपणी एकदा आजी बाजारात गेलेली असताना तिनं या पेटीवर गुपचूप डाव्या हातानं लिहून पाहिलं होतं. शाळेत तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. इथं दौत आपसूक हाताशी आली आणि अक्षर कसं वळणदार उमटलं. चोरीच्या वस्तूवर आपला हात इतका रमावा, याचीही तिला लाज वाटली होती.

मिस लँगफर्ड आयोनीच्याच वयाची निघाली. आयोनीनं चर्चमध्ये जाऊन पेटी तिच्यापुढे ठेवली.

"माझ्या आजीनं चोरली होती. आमच्या घरावरचा डाग तेवढा पुसा."

मिस लँगफर्डनं झाकण उघडलं आणि तिचे डोळे भरून आले.

"हीच ती. आजोबांनी मुद्दाम घडवून घेतली होती. बाकीच्या पेट्यांत दौत उजवीकडे असते, हिच्यात डावीकडे. आमच्या घराण्यात सगळे डावखुरेच ना."

हसत तिनं चर्चच्या वहीत पेटी मिळाल्याचं लिहिलं, डाव्या हातानं. मग वही आयोनीकडे सरकवली.

"खाली तुमचं नाव लिहा. आणि तुमच्या आजीला आम्ही माफ केलं, बरं का."

आयोनी त्या हाताकडे बघत राहिली. मग तिची नजर शेवटच्या बाकावर गेली.

तिनं लेखणी उजव्या हातात घेतली आणि कोंबडीचे पाय उमटावेत तसं आपलं नाव लिहिलं.