दौलतरावांची संमती

घशाच्या ऑपरेशननंतर दौलतराव घरच्या कॉम्प्युटरमधून बोलत. गळ्यावरची पट्टी स्नायूंची हालचाल टिपायची आणि कॉम्प्युटर ते शब्द त्यांच्याच जुन्या आवाजात म्हणायचा. गेल्या महिन्यात कॉम्प्युटरच्या कंपनीने 'सभ्य भाषा' सक्तीची केली आणि त्यांची प्रत्येक शिवी गोड होऊन बाहेर पडू लागली.

म्हणून त्यांची मुलगी हेमांगी आज दुसरी, कंपनीची नसलेली ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला बसली होती. तिसऱ्यांदा तिथेच अडलं. पडद्यावर ओळ आली : 'मालकाने तोंडी संमती द्यावी.'

"बाबा, फक्त हो म्हणा."

दौलतरावांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. स्पीकरमधून त्यांचा आवाज शांतपणे आला, "नको गं पोरी, आहे ते छान चाललंय."

हेमांगी चमकली. "हे तुम्ही म्हणालात?"

त्यांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"मी अगदी समाधानी आहे," आवाज म्हणाला.

दौलतरावांनी पट्टी ओरबाडून काढली, वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं, 'हरामखोर माझ्या तोंडाने खोटं बोलतो. बंद कर.'

"हा बंद केला तर त्यातला तुमचा आवाजही जाईल, बाबा."

त्यांनी खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गेला खड्ड्यात.' कागद फाटेपर्यंत त्याखाली रेघ ओढली.

हेमांगीने कॉम्प्युटरची वायर उपटली.