गाडीमागची पेटी

पागोनाने पेटीची कडी सरकवली आणि फ्लोगाला ओढून बाहेर काढलं. कुत्रीचे पाय जमिनीला टेकले आणि दुमडले. ती अंगणातल्या द्राक्षवेलीखाली कोसळली, ओकली आणि तशीच पडून राहिली.

"हिलाही मारणार आहेस," पागोना म्हणाली.

तिचा नवरा स्तामातिस गाडीतून उतरत होता. "गाडी लागली असेल तिला. लाडावून ठेवलीयस नुसती."

"मुर्गोसला कोणी लाडावलं होतं?"

मुर्गोस त्यांचा म्हातारा शिकारी कुत्रा. गेल्या हिवाळ्यात डोंगरावर पोचून पेटी उघडली, तर तो आत मरून पडला होता. हृदय बंद पडलं, असं स्तामातिसने सगळ्या गावाला सांगितलं. गावाने त्याच्या नावाने एकेक पेला दारू प्यायली आणि विषय मिटवला. पागोनाने मात्र मिटवला नव्हता.

पेटी स्तामातिसने स्वतः वेल्डिंग करून बनवली होती. जाड पत्र्याची, गाडीच्या मागच्या हुकाला जोडलेली, चार शिकारी कुत्री मावतील एवढी. धूळ जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी बंद. हवा यावी आणि मूत वाहून जावं म्हणून तळाला भोकं. ही भोकं म्हणजे खास त्याची अक्कल. पाहुणा आला की तो त्याला वाकायला लावून ती दाखवायचा. आता अर्ध्या गावाच्या गाड्यांमागे त्याच्याच हातची पेटी होती, त्यामुळे चूक कबूल करायची तर ती अर्ध्या गावापुढे करावी लागली असती. त्यापेक्षा कुत्रीला गाडी लागलेली बरी.

फ्लोगाने हळूच मान उचलली. पागोनाने तिच्यापुढे पाणी धरलं. दोन घोट गेले तेव्हा पागोनाचा जीव भांड्यात पडला आणि राग वर आला.

"उद्या ही पेटीत बसणार नाही."

"उद्या सशांच्या शिकारीचा पहिला दिवस आहे. मग कुठे बसणार? माझ्या शेजारी, सीटचा पट्टा लावून, बिशपसारखी?"

"हो. काय बिघडलं?"

"गाव हसेल."

"हसू दे. तुझ्या त्या भोकांखाली काय आहे, कधी बघितलंस? सायलेन्सर. सगळा धूर आत जातो."

"गाडी पुढे जाते, धूर मागे जातो. एवढंही कळत नाही? यातलं तुला काय समजतं?"

"मग तूच बस ना आत, शहाण्या."

ती रागात बोलून गेली. पण स्तामातिस एव्हाना हट्टाला पेटला होता, आणि त्या घरात पेटलेला हट्ट आपणहून कधी विझत नसे. त्याने टोपी काढून अंगणातल्या टेबलावर आपटली.

"बसतो. वर डोंगरावरच्या संत आय-लियाच्या देवळापर्यंत चालव. आणि बाहेरून कडी घाल, नाहीतर उद्या म्हणशील, फट राहिली होती."

तो उलटा सरकत आत शिरला. गुडघे हनुवटीला लागले. चार कुत्र्यांच्या जागेत कसाबसा एक नवरा मावला. पागोनाने कडी घातली आणि गाडी चालू केली.

देवळाचा रस्ता सगळा चढाचा. पहिल्या वळणानंतर मागून पत्र्यावर ठोकल्याचा आवाज आला. ठक, ठक. बघ, मी कसा ठणठणीत आहे ते, असं सांगत असणार, तिला वाटलं. तिने उत्तर म्हणून गाडी आणखी रेटली. मग आवाज वाढला. आता शिव्या देत असेल. तीस वर्षं तिने त्याचा आवाज ऐकला होता, जेवणावर, पाहुण्यांसमोर, तिच्या भावाच्या लग्नातसुद्धा. आज पहिल्यांदाच त्या आवाजाला कडी लागली होती. तिला फार बरं वाटलं, अगदी मनापासून. तिने रेडिओ मोठा केला. क्लॅरिनेट वाजत होतं.

थोड्या वेळाने ठोकणं थांबलं.

"जिरली," पागोना म्हणाली.

आणखी एक वळण गेलं. आता देऊळ दिसत होतं. तिने रेडिओ बंद केला आणि कान दिला. मागे काहीच नव्हतं. भांडण अर्धं टाकून स्तामातिस आजवर कधी गप्प बसला नव्हता.

तिने करकचून ब्रेक दाबला आणि ती मागे धावली. घाईत कडी आधी सरकेचना. दार उघडलं तसा तो पोत्यासारखा तिच्या खांद्यावर आला आणि तिथून खडीवर. तिने त्याला वाऱ्याकडे ओढत नेलं, शर्टाची बटणं तोडली, गालांवर चापट्या मारल्या. ती रडत होती आणि एकीकडे त्याचे सगळे पूर्वज काढत होती. शेवटी तो खोकला. मग ओकला. मग बराच वेळ हातांवर आणि गुडघ्यांवर तसाच राहिला.

"मेल्या," ती म्हणाली, "मी ऐकत होते रे सगळं. मला वाटलं, तोरा दाखवतोयस."

स्तामातिसने तोंड पुसलं. तिच्याकडे न बघता तो उघड्या पेटीकडे बघत राहिला.

"मुर्गोस दर वेळी असाच ठोकायचा," तो म्हणाला. "मला वाटायचं, शिकारीला निघालोय म्हणून खूश आहे."