बाजू पलटताना

“मध्ये खंड नसलेलं काहीतरी द्या,” बाई म्हणाल्या. “सुरू झालं की सुरूच राहणारं.”

जुन्या रेकॉर्ड्सच्या त्या दुकानात शास्त्रीय संगीत मागणारी माणसं थोडीच येत, पण अशी मागणी दुकानदाराने आजवर ऐकली नव्हती. काय ऐकलंय, कोण आवडतं, असं त्याने विचारून पाहिलं. बाईंनी सरळ सांगितलं, की त्या शाळेत भूगोल शिकवतात आणि संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. घरात कधी रेडिओसुद्धा लागला नव्हता.

“यांना आवाज खपायचा नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून झाकण पडलं तरी टेबलावर बोटं आपटायचे.”

“आणि आता?”

“मागच्या हिवाळ्यात, सकाळी चहा घेत होते. हातातून कप पडला. तेवढंच.”

दुकानदाराने मान खाली घातली. वाईट झालं, एवढं तो पुटपुटला. त्याची स्वतःची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. अशा वेळी पुढचं काही विचारायचं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने वाद्यवृंदाची एक दणदणीत रेकॉर्ड काढून दिली.

बाई परत आल्या, मग येतच राहिल्या. कोणती चाल कुठे पुन्हा डोकावते, कोणतं वाद्य कोणाला उत्तर देतं, हे तो समजावून सांगे आणि त्या आपल्या पद्धतीने त्याचा अर्थ लावून घेत. ही नदी इथे उगम पावते, इथे तिला दुसरी येऊन मिळते. एका चेलोवादकाबद्दल त्या म्हणाल्या, की हा पठारावरचा माणूस आहे, याला घाई नाही. त्या वाक्यावर दुकानदार दिवसभर मनातल्या मनात हसत होता.

फक्त संथ रेकॉर्ड्स त्यांच्याकडे टिकत नसत. त्याची सगळ्यांत लाडकी, एकट्या व्हायोलिनची रेकॉर्ड दुसऱ्याच दिवशी काउंटरवर परत आली.

“यात मधेमधे शांतता आहे.”

“ती संगीतातलीच असते, बाई. सूर विरतो, आपण थांबतो...”

“ती शांतताच नको मला.”

मग हळू आवाजात त्यांनी सांगितलं. एक बाजू संपते, पलटायला त्या उठतात, आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून ठकठक ऐकू येते. यांचीच. अगदी तशीच, बोटं आपटल्यासारखी.

दुकानदाराने यावर जे सांगितलं ते त्याने सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं. बायको गेल्यावर कितीतरी दिवस त्याला तिची शिंक ऐकू यायची. एकदा तर तो स्वयंपाकघरातून ओरडला होता, की अगं, पांघरूण घे.

“मग थांबली?” बाईंनी विचारलं.

“थांबली. आणि थांबली तेव्हा घर खायला उठलं.”

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग व्हायोलिनची रेकॉर्ड त्यांनी परत पिशवीत टाकली.

त्यानंतर दुकानदार त्यांची वाट पाहू लागला. नवा माल आला की चांगलं ते आधी बाईंसाठी बाजूला निघे. दाढी एक दिवसाआड व्हायची ती रोज होऊ लागली. या वयात हे काय, असं तो आरशाला विचारी, आणि आरसा काही मनावर घेत नसे.

एका दुपारी बाई धापा टाकत आल्या. प्लेअर फिरेनासा झाला होता. दुकानात आणून टाका, बघतो, असं तो म्हणाला. त्यावर त्या म्हणाल्या, की घर इतका वेळ गप्प ठेवता येणार नाही. तबकडी फिरवणारा पट्टा झिजला असणार. नवा पट्टा खिशात घालून त्याने शटर ओढलं आणि तो त्यांच्याबरोबर निघाला.

घर लख्ख होतं. भिंतीवर जगाचा नकाशा, त्याखाली फळीवर ओळीने रेकॉर्ड्स. आपल्या हाताने दिलेल्या त्या रेकॉर्ड्स तिथे एकत्र पाहून त्याला भरून आलं. एकच गोष्ट खटकली. स्पीकर खुर्चीच्या दिशेने नव्हते; त्यांची तोंडं आतल्या बंद दाराकडे होती. नव्याने ऐकायला लागलेली माणसं असं काहीतरी करून ठेवतात. चहा घेताना सांगू, असं त्याने ठरवलं.

बाई चहा टाकायला गेल्या. त्याने पट्टा बसवला, तबकडी बोटाने फिरवून पाहिली. घरात जराही आवाज नव्हता.

ठक. ठक. ठक.

नळ असेल, असं त्याला आधी वाटलं. मग त्याचं तबकडीवरचं बोट थांबलं. बायकोची शिंक फक्त त्याला ऐकू यायची. शेजारणीला विचारलं तेव्हा तिने कीव आल्यासारखं पाहिलं होतं. पण हे घर दुसऱ्याचं, गेलेलं माणूस दुसऱ्याचं, आणि ऐकू त्याला येत होतं.

उठून जावं, असं एकदा मनात आलं. पण ही बाई इतके महिने या आवाजासोबत एकटी राहिली आहे, या विचाराने त्याला लाज वाटली. त्याने पुढे होऊन दार ढकललं.

खाटेवर एक माणूस पडला होता. दाढी नुकतीच केलेली, केस विंचरलेले, चादर स्वच्छ, तोंड एका बाजूला ओढलेलं. एका हाताची बोटं तो खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटत होता, आणि त्याचे ओले डोळे दुकानदारावर खिळले होते.

बाई चहा घेऊन बाहेर आल्या. ट्रे ठेवून त्यांनी रेकॉर्ड लावली, सुई अलगद टेकवली.

“बसा ना,” त्या म्हणाल्या. “आता नाही ऐकू येणार.”

सूर घरभर पसरले. दांडीवर तो हात तसाच आपटत राहिला.