बिडाचं राउटर टेबल

तोर्ग्नीने राउटरचा दांडा दोन बोटांत धरून हलवून पाहिला. दांडा हलला नाही. तोर्ग्नी खूश झाला. म्हणजे त्याच्या भुवया किंचित वर गेल्या.

"हेच," तो म्हणाला.

लाकडात खाचा पाडणारं, कडा गोल करणारं ते यंत्र टेबलाच्या पोटात उलटं बसवलेलं होतं. टेबल बिडाचं. मोटर वरूनच हँडल फिरवून खाली-वर होत होती, मोटरचे झिजलेले कार्बन ब्रश बाहेरून बदलता येत होते. फालून गावातल्या त्या हत्यारांच्या दुकानात एवढं जड दुसरं काही नव्हतं.

"आणि हे घरातून बाहेर कोण काढणार?" त्याच्या बायकोने, गुनवोरने विचारलं.

"अजून आत तर जाऊ दे."

"मी बाहेरचं विचारतेय."

गुनवोरची मरणाआधीची आवराआवर चालू होती. आपल्यामागे पोरांना उपसत बसावं लागू नये म्हणून जिवंतपणीच घर मोकळं करायचं, हे सत्तरी ओलांडलेल्या शहाण्या माणसाचं काम. ते ती आनंदाने करत होती. सासूची तांब्याची भांडी गेली, शिलाई मशीन गेलं. गेल्या आठवड्यात तोर्ग्नीचं जुनं राउटर जळलं, तेव्हा तळघरातल्या त्याच्या सुतारकामाचाही प्रश्न सुटला असं तिने धरून टाकलं. तोर्ग्नीला मात्र सकाळी उठून जायला तळघराशिवाय दुसरी जागा नव्हती.

"अरे, तू कोरलेली लोण्याची लाकडी सुरी दिली नाही असा नातेवाईक उरलाय का तुझा? आता बनवणार काय?"

"सुऱ्या चाकूने होतात. यावर कपाटं होतात."

"कपाटं मी कालच देऊन टाकली!"

"म्हणून तर. जागा झालीय."

विक्रेता योआर चाळिशीचा होता आणि नवरा-बायकोंच्या भांडणात कोणाच्या बाजूला उभं राहायचं हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने अ‍ॅल्युमिनियमचं टेबल पुढे ओढलं. "हे बघा. घडी होतं. एका हाताने उचला."

"बघ!" गुनवोर म्हणाली.

तोर्ग्नीने याचाही दांडा हलवला. तो हलला. "वर्षभरात खिळखिळं होईल."

"छे! बेताने वापरलंत तर पाच-सहा वर्षं आरामात," योआर म्हणाला. आणि गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून भर घातली, "तुम्हाला तेवढं पुरे की."

तोर्ग्नी अ‍ॅल्युमिनियमकडे बघत राहिला. गुनवोरने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"पुरे हे कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"नाही, म्हणजे, साधारणपणे या वयात..."

"मरायची तयारी मी करतेय. तारीख कोणी दिलेली नाही." ती बिडाच्या टेबलाकडे वळली. "हे किती चालेल?"

"हे? हे नातवंडांनाही पुरेल."

"त्यांचं ते बघतील. द्या."

योआरने मागून खोकं ढकलत आणलं आणि उचलायला माणूस बोलावतो म्हणाला. तोवर गुनवोर खाली वाकली होती.

"ते टोक धर, तोर्ग्नी. कंबर नाही, गुडघे वाकव. हां."

खोकं जमिनीवरून सुटलं.