मजल्यावरची माणसं

घरी जायच्या आधी नीरजने स्टेशनजवळच्या दुकानातून मलई पेढ्यांचे चार बॉक्स बांधून घेतले. एक दाजी आणि शालूवहिनींचा, एक जागृतीबेनचा, एक त्या नर्स मुलीचा, संजनाचा, आणि एक आईचा. सिल्व्हर पार्कमधल्या त्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दारं चारच. शिवाय नवीन कोणी राहायला आलं असेल तर आईच्या बॉक्समधून देता येतील. आईच मागे फोनवर म्हणाली होती, "मजल्यावरची माणसं वाढली रे."

मोठ्या मजेत म्हणाली होती. आई सगळंच मजेत म्हणते.

तो फोन झाला त्याच दिवशी नीरजने मस्कतच्या नोकरीला आणखी तीन वर्षांचा होकार कळवून टाकला. रुचिताने, त्याच्या बायकोने, एकदा विचारून पाहिलं होतं, "आईंना करमेल का रे एकटीला?"

"एकटी कुठे? तिच्या मजल्यावर माणसं वाढलीत. गजबजाट आहे नुसता."

होकाराची बातमी तेवढी आईला समोर बसून सांगायची, म्हणून तो एकटाच चार दिवसांसाठी आला होता. येतोय हेही कळवलं नव्हतं.

रिक्षात बसल्यावर त्याला हसू आलं. आईच्या फोनवर रडगाणं नसे. गुडघे कसे आहेत विचारलं की म्हणायची, "दोन्ही जागेवर आहेत." मग पुढची बडबड. सगळ्यांच्या कुंड्या आता माझ्याच दारात, पॅसेजची बाग झालीय. दाजींची किल्ली माझ्याकडे, जागृतीबेनचीही माझ्याकडे. दूधवाला खास माझ्यासाठी तीन मजले चढतो, बोल! आणि दुपारची झोप तर अशी लागते, कसला म्हणून आवाज नाही.

मस्कतला संध्याकाळी जीव उदास झाला की तो आईला फोन लावायचा. फोन ठेवताना त्यालाच बरं वाटलेलं असायचं. तिला कसं वाटतंय हे विचारायचं मग राहूनच जायचं.

'संपलं' हा शब्द आईला चालत नसे. तांदूळ संपले की 'तांदूळ वाढले', बांगडी फुटली की 'बांगडी वाढली'. जुन्या बायका बोलतातच तसं, पण आईने सगळ्या मजल्याला तो नाद लावला. रुचिता नवीन होती तेव्हा सासूबाई 'तेल वाढलंय' म्हणाल्या, म्हणून हिने त्या महिन्यात तेलच आणलं नाही. जागृतीबेन वाटी घेऊन दारात यायच्या, "बेन, साकर वाढी गई." एका वॉचमनने तर सेक्रेटरींना 'टंकी में पानी बढ गया' सांगितलं. ते गच्चीवर धावत गेले, तर टाकी कोरडी ठणठणीत. आणि दाजी? रत्नागिरीचा माणूस, तक्रार केल्याशिवाय घास उतरायचा नाही. तेही टकलावरून हात फिरवत म्हणायला लागले, "आमचे केस वाढले हो वासंतीताई, सगळे वाढले!" आणि स्वतःच खो खो हसायचे.

आईने ह्या माणसांना हसायला लावलं, ह्याचा नीरजला फार अभिमान होता.

गेटवर वॉचमन नवा होता.

"किधर जाना है?"

"तिसरा माला. वासंतीताई मेरी माँ है."

वॉचमन उठूनच उभा राहिला. "माँजी के बेटे! आओ ना साब. माँजी रोज नीचे आके मेरे पास बैठती है. इतना हँसाती है ना, ड्यूटी कब खतम हुई पता नहीं चलता."

"रोज? कितनी देर?"

"शाम तक," वॉचमन म्हणाला. मग त्याने बॉक्सकडे पाहिलं. "इतनी मिठाई?"

"पूरे माले के लिए."

वॉचमनने मान खाली घातली. "माँजी को ही दे दो साब," तो म्हणाला. "वो बाँट देगी."

इमारतीला लिफ्ट नव्हती. नीरज भराभर जिना चढला. आता कोणाचं तरी दार उघडेल, शालूवहिनी ओरडतील, 'अगो बाय, ह्यो बघ कोण इलो!' ह्या खुशीत तो तिसऱ्या मजल्यावर पोचला.

पॅसेजमध्ये खरंच बाग होती. दाजींचा ओवा, जागृतीबेनचा मोगरा, ओळीने मांडलेल्या तुळशी. सगळ्यांना नुकतंच पाणी घातलेलं. दाजींच्या दाराला कुलूप होतं. जागृतीबेनच्या दारावरची पाटी काढलेली होती, स्क्रूची भोकं तेवढी दिसत होती. संजनाच्या दारावर एजंटचा नंबर आणि 'भाड्याने देणे आहे'.

त्याने आईची बेल वाजवली.

"अगं बाई, नीरज!" आईने दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला. "ये, आत ये. चहा टाकते."

तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. चारही बॉक्स हातात तसेच.

"आई, हे सगळे कुठे आहेत?"

आईने बॉक्सकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. ती अजून हसतच होती.

"फोनवर सांगितलं होतं ना रे तुला," ती म्हणाली, "मजल्यावरची माणसं वाढली."